प्रेक्षकाचा पासपोर्ट

१२ जून २०२४. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरचं ईस्ट मेडो. टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत विरुद्ध अमेरिका. रोहित शर्माचा झेल उडाला आणि हरमीत सिंगने तो पकडला. गोलंदाज होता सौरभ नेत्रावळकर. तिघेही मुंबईच्या क्रिकेटमध्ये वाढलेले. त्याआधी याच नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं होतं. पुढे भारताला जिंकून दिलं ते सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांच्या ६७ धावांच्या नाबाद भागीदारीने. तेही दोघे मुंबईचेच! थोडक्यात काय, लाँग आयलंडवर एक मुंबई दुसऱ्या मुंबईशी खेळत होती.

हा लेख मात्र मैदानातल्या लोकांबद्दल नाही, स्टँडमध्ये बसलेल्यांबद्दल आहे. सामना बघायला समुद्र ओलांडून येणारा माणूस इतिहासात कधी आणि कसा तयार झाला? आणि त्याच्या प्रेमाकडे आपण शंकेने कधी बघतो, कौतुकाने कधी?

सुरुवात अमेरिकन फुटबॉलपासून करू, कारण परदेशी चाहता कसा 'घडवला' जातो हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये चॅनल फोर ही नवी वाहिनी सुरू झाली आणि तिने एनएफएलचे सामने संपादित करून दाखवायला सुरुवात केली. चारच वर्षांनी, ऑगस्ट १९८६ मध्ये, शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज लंडनच्या वेम्बलीवर सराव सामना खेळले, तेव्हा ८० हजारांहून जास्त लोक आले. २००५ मध्ये मेक्सिको सिटीत लीगचा अमेरिकेबाहेरचा पहिला अधिकृत सामना झाला. प्रेक्षक १ लाख ३ हजारांच्या वर. २००७ पासून लंडन, २०२२ मध्ये म्युनिक. आधी टीव्ही गेला, मग टी-शर्ट, आणि शेवटी अख्खा सामनाच चाहत्याच्या दारात.

उलटा प्रवासही आहे. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव. तिथल्या पॅकर्स क्लबला एक मालक नाही. भागधारक आहेत, पाच लाखांहून जास्त. शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. तरी लोक घेतात. १९५७ साली उघडलेलं तिथलं लँबो फील्ड बघायला परदेशातून लोक येतात, आपण पंढरपूरला जातो तसे. लंडनमध्ये खेळणाऱ्या ३२ संघांपैकी पॅकर्स अगदी शेवटी, २०२२ मध्ये गेले. कारण साधं आहे. घरच्या प्रत्येक सामन्यावर गावातली हॉटेलं, दुकानं, पार्किंगला दिलेली अंगणं चालतात. तो सामना सोडायला क्लब तयार नव्हता. आणि पॅकर्स पाहुणे म्हणून आले की तिकिटं हमखास खपतात, त्यामुळे प्रतिस्पर्धीही आपला घरचा सामना लंडनला द्यायला नाखूष. म्हणजे प्रवास करणारा चाहता हा हिशेबाच्या वहीतला आकडा आहे, आणि बराच मोठा.

हा प्रयोग आपल्याकडेही झाला, हे फार जणांना ठाऊक नसतं. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया जाहीर झाली. त्यात मुंबई ग्लॅडिएटर्स होते आणि चक्क पुणे मराठाज होते. पहिल्या मोसमाचे सामने कोलंबोत खेळवून टीव्हीवर दाखवले गेले. पुणे मराठाज जिंकलेसुद्धा! पण पुण्यात कुणाला विचारा, आठवतंय का. संघाला नाव पुण्याचं होतं, मैदान श्रीलंकेतलं. चाहता तयार व्हायला नुसतं नाव पुरत नाही. मागे बसून ओरडायला जागा लागते, आणि शेजारी ओरडणारा ओळखीचा लागतो.

आता आपल्या लोकांकडे येऊ. परदेशात सामना बघायला जायचं तर तीन गोष्टी लागतात: परकीय चलन, व्हिसा आणि रजा. १९६०-७० च्या दशकांत भारतातून निघणाऱ्या माणसाला बरोबर न्यायला मिळायचे आठ डॉलर. तुमच्या आजीआजोबांच्या पिढीतलं कुणी तेव्हा अमेरिकेत आलं असेल, तर 'खिशात आठ डॉलर' ही गोष्ट तुम्ही दहा वेळा ऐकली असेल. ऐकून डोळे फिरवलेही असतील. पण ती फुशारकी नव्हती, तो सरकारी नियमांचा परिणाम होता. देशाकडे परकीय गंगाजळीच नव्हती. अशा काळात 'मॅच बघायला परदेशात' हे वाक्य साध्या नोकरदाराच्या तोंडी शोभलंच नसतं. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदानात धावत आलेले भारतीय मुख्यतः ब्रिटनमध्येच राहणारे होते.

चित्र बदललं ते १९९१ नंतर, हळूहळू. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य नागरिकाला वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख आहे. आठवरून अडीच लाखांवर, एका आयुष्यात.

म्हणून २०२४ चा तो जून मला ऐतिहासिक वाटतो. आयसीसीच्या म्हणण्यानुसार तिकिटांच्या सोडतीत १६१ देशांतून ३० लाख अर्ज आले. भारत-पाकिस्तान सामन्यासाठी मागणी जागांच्या दोनशे पटींहून जास्त. आणि मैदान? आयझेनहॉवर पार्कात काही महिन्यांत उभारलेलं, ३४ हजार आसनांचं, तात्पुरतं. खेळपट्ट्या ॲडलेडच्या तज्ज्ञांनी फ्लोरिडात वाढवून ट्रकने आणलेल्या. आठ सामने झाले आणि स्टँड उतरवले. आपल्याकडे गावच्या जत्रेत पाळणे लागतात आणि चार दिवसांनी मैदान पुन्हा मोकळं होतं, तसंच.

लँबो फील्डवर चाहता येतो आणि मैदान वाट बघत असतं. ईस्ट मेडोत चाहता होता, मैदानच पाहुणं होतं.

आता निष्ठेचा मुद्दा. एप्रिल १९९० मध्ये ब्रिटिश राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी एक 'क्रिकेट कसोटी' सांगितली: स्थलांतरित लोक सामन्यात कोणाच्या बाजूने ओरडतात ते बघा, मग ते इथले झालेत की नाहीत ते कळेल. गंमत म्हणजे हे त्यांनी सांगितलं एका अमेरिकन वर्तमानपत्राला, लॉस एंजेलिस टाइम्सला. याच काळात बर्मिंगहॅम-लीड्सचे तरुण मायामी डॉल्फिन्सचे जर्सी घालून वेम्बलीला जात होते. त्यांना कुणी विचारलं का, की बाबा रे, तू ब्रिटिश आहेस की अमेरिकन? नाही. त्यांचं प्रेम 'छंद' मानलं गेलं. ब्रॅडफर्डमधल्या पाकिस्तानी किंवा लेस्टरमधल्या गुजराती मुलाचं प्रेम मात्र 'पुरावा' ठरलं. कृती एकच: दूरच्या संघावर जीव लावणं. फरक फक्त कोण लावतंय यात.

एक आक्षेप मला मान्य आहे. राष्ट्रीय संघ आणि क्लब यांत फरक असतोच. डॉल्फिन्स म्हणजे अमेरिका नव्हे. पण मग नेत्रावळकरचं काय करायचं? २०१० मध्ये तो भारताकडून १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला. २०१५ मध्ये कॉर्नेलला शिकायला आला, मग ओरॅकलमध्ये इंजिनिअर झाला. ६ जून २०२४ ला डॅलसजवळ त्याने सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं, तेव्हा आपल्याकडे घराघरांत त्याचं कौतुक झालं. सहाच दिवसांनी तो रोहितला बाद करत होता. टेबिट यांच्या कसोटीत यासाठी रकाना नाही. खरं तर तुमच्यामाझ्यासाठीही नाही.

आणि मग व्हिसा. २०२२-२३ मध्ये मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत पर्यटक-व्हिसाच्या पहिल्या मुलाखतीसाठी दीड वर्षाहून जास्त थांबावं लागत होतं. लंडनच्या पॅकर्सप्रेमीला साधारणपणे ऑनलाइन परवानगी पुरते. तुमच्या काकांना रांग. तिकीट दोघांनाही एकाच किमतीला मिळेल, पण खेळाच्या दारापर्यंत पोचण्याची किंमत एकच नाही. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी अमेरिकेत निवडलेली ११ मैदानं एनएफएलचीच आहेत. तिथेही हाच प्रश्न: कोण येऊ शकतं, आणि कोणाला घरी टीव्हीवर बघावं लागतं?

इतिहासाचा अभ्यासक म्हणून माझी अडचण वेगळी आहे. स्कोअरकार्डवर प्रेक्षकाचं नाव नसतं. नेत्रावळकरचे ते दोन बळी शंभर वर्षांनीही सापडतील. ते बघायला ठाण्याहून किंवा सांगलीहून कोण आलं, कुणाच्या सोफ्यावर झोपलं, ते सापडणार नाही. स्टँडसुद्धा राहिलेले नाहीत. या इतिहासाची साधनं तुमच्या घरातल्या खणांत आहेत: जुना बोर्डिंग पास, आईबाबांच्या पासपोर्टवरचा शिक्का, फोनमधला हलणारा व्हिडिओ. म्हणून एक करा. पुढच्या वेळी घरचं कुणी भारतातून आलं आणि तुम्ही त्यांना कुठल्याही सामन्याला घेऊन गेलात, तर परतताना गाडीत फोन रेकॉर्डिंगला लावा आणि विचारा, "तुम्ही पहिली मॅच कुठे बघितली होती? बरोबर कोण होतं?" आठ डॉलरची गोष्ट पुन्हा निघाली, तर या वेळी मध्ये थांबवू नका.