साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : मुंबईतील एका बांधकाम-नियमाची कथा

सप्टेंबर १८९६. मुंबईतील मांडवीच्या दाट वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून निघून गेले. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. अधिकाऱ्यांचा संशय होता तो अंधारावर, ओलीवर आणि कोंडलेल्या हवेवर. म्हणून प्लेगच्या पथकांनी कित्येक घरांची कौले उतरवून आत ऊन सोडले आणि काही भिंतींवर ‘यूएचएच’ ही अक्षरे रंगवली. अर्थ एवढाच, की हे घर मनुष्यवस्तीस अयोग्य आहे.

मग ही घरे कायद्यावाचून उभी राहिली होती काय? मुळीच नाही.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा, म्हणजे प्लेगच्या आठ वर्षे आधीचा. त्याच्या ३३७ व्या कलमानुसार नवी इमारत बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांस नोटीस देणे बंधनकारक होते. परंतु या कायद्याची रचना मोठी विलक्षण आहे. आयुक्तांनी ३० दिवसांत लेखी नापसंती कळवली नाही, तर मालकाने काम सुरू करावे. मौन म्हणजे संमती! पालिका परवानगी ‘देत’ नव्हती, ती फक्त हरकत घेऊ शकत होती. याच रचनेमुळे मुंबईत बांधकामाच्या मंजुरीचा कागद पिढ्यान्‌पिढ्या ‘आयओडी’, म्हणजे ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’ या नावाने ओळखला गेला. नापसंतीची सूचना हातात पडली, की मालक पेढे वाटतो. असा प्रकार अन्यत्र क्वचितच आढळेल.

हरकत घ्यायची तर ती कोणी आणि कोणाविरुद्ध? पालिकेचे मतदार बहुतांशी करदाते, आणि करदात्यांत घरमालकांचा वरचष्मा. दरमहा १० रुपये भाडे भरणाऱ्या भाडेकरूस मताचा अधिकार मिळाला तो थेट १९२२ च्या सुधारणेने. तोवर चाळीत राहणारा गिरणी कामगार पालिकेच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्यच होता. ज्यांच्या इमारतींवर नियम चालवायचे, त्यांचेच प्रतिनिधी सभागृहात बसून नियम किती कडक असावेत हे ठरवत होते. दोन इमारतींमधील घरगल्लीत शौचकुपांची घाण पडे आणि तिच्याकडे उघडणाऱ्या खिडक्या दुर्गंधीमुळे कायमच्या बंद राहत. नकाशावर मात्र त्या खिडक्याच होत्या.

प्लेगनंतर सरकारने पालिकेला बाजूला ठेवून १८९८ साली स्वतंत्र संस्था उभी केली. तिचे नाव ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’. या ट्रस्टने आपल्या जमिनींवर जो नियम आग्रहाने लावला, तो शाळेतल्या त्रिकोणमितीने समजतो. खोलीच्या बाह्य भिंतीच्या पायथ्यापासून क्षितिजाशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करणारी रेषा काढावी आणि समोरच्या इमारतीने ती छेदू नये. या कोनाचे टॅन मूल्य जवळजवळ २ येते. म्हणजे मध्ये १० फूट मोकळी जागा असेल, तर तळमजल्याच्या खोलीसमोरची भिंत २० फुटांहून उंच नको. कोन मूळचा लंडनचा. तेथील १८९४ च्या इमारत कायद्यात घराच्या मागील बाजूसाठी तो आला होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी मुंबईत त्याचा ध्यासच घेतला आणि १९१२ साली घरांतील उजेड व हवा या विषयावर सविस्तर व्याख्यान दिले.

दादर-माटुंग्यात हा नियम टिकला. त्याचे श्रेय केवळ कोनाला देणे चुकीचे ठरेल. तेथे ट्रस्ट स्वतः जमिनीचा मालक होता. भूखंड भाडेपट्ट्याने दिले जात. मजले किती, बाजूला मोकळी जागा किती, हे सारे करारातच लिहिलेले असे. पालिकेच्या निरीक्षकाला कलम दाखवून खटला चालवावा लागे. ट्रस्टला करारातील अट दाखवणे पुरेसे होते. पाचबागेच्या परिसरात फिरताना जो मोकळेपणा जाणवतो, त्यामागे त्या भाडेपट्ट्यांचा मोठा वाटा आहे.

जुन्या शहरात मात्र ट्रस्टचा हात इतका निर्मळ राहिला नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढताना हजारो खोल्या पाडल्या गेल्या आणि तितक्या नव्या खोल्या वेळेत उभ्या राहिल्या नाहीत. उठवलेली माणसे दादरच्या नव्या कॉलनीत गेली नाहीत, तेथील भाडे त्यांना परवडणारे नव्हते. ती शेजारच्याच चाळीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. एका गल्लीत उजेड आला तो पलीकडच्या गल्लीतला अंधार वाढवून.

१९३३ साली ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. त्यानंतर उजेडाइतकाच इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न पुढे आला. जुन्या चाळींचा सांगाडा लाकडी, भिंती विटांच्या. मोरी आणि संडासांतून झिरपणारे पाणी तुळयांची टोके कुजवत राहते आणि हे वरून दिसत नाही. मंजुरीची तपासणी बांधताना होते, कूज मात्र पुढे पन्नास वर्षे चालते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे भाडेकरू वाचला, पण दुरुस्तीवर खर्च करण्यात मालकाला रस उरला नाही. पालिकेच्या हाती राहिले ३५४ वे कलम. इमारत धोकादायक झाल्यावर ती पाडण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस त्या कलमाखाली निघते.

अखेर १९६९ च्या कायद्याने भाडेकरू आणि मालक यांच्याकडून उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त करणारे मंडळ निर्माण झाले. त्याच्या यादीत सुमारे साडेएकोणीस हजार इमारती होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १९४० पूर्वीच्या. दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी आजही जाहीर होते. नोटीस मिळूनही अनेक कुटुंबे खोली सोडत नाहीत, कारण एकदा ताबा गेला की पुन्हा त्याच जागी घर मिळेल याची हमी त्यांना वाटत नाही.