गेलेल्या घराची गोष्ट

देवणीतल्या तुमच्या जुन्या घरात दिवस मावळायच्या आतच अंधार होतो. माळवदाचं घर, भिंती हातभर जाड, उजेड काय तो वरच्या सवण्यातून येईल तेवढाच. बाहेर दावणीला वानेरा गाय रवंथ करते आहे, पांढरीशुभ्र, फक्त तोंडावर काळं. तुमच्या मांडीवर शाळेत असल्यापासूनचं ‘श्यामची आई’ आहे. आजवर हे पुस्तक तुम्ही आईसाठी वाचलंत. आज त्यातल्या घराकडं बघा. पान उलटा आणि डोळे मिटा.

पायाखालची काळी माती लाल होते. शंभराहून जास्त वर्षं मागं, दापोली तालुक्यातल्या पालगडात तुम्ही उभे आहात. गावावर किल्ला आहे, वाडीत माड-पोफळी आहेत आणि आभाळ गच्च भरलेलं आहे. देवणीत पाऊस पडला की माळवदाची पांढरी माती तो मुकाट पिते, कुठं गळलं तरच आत कळतं. इथं तो छपरावर असा कोसळतो, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

हे ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या साने गुरुजींचं गाव. साने हे खोताचं घराणं. २४ डिसेंबर १८९९ ला इथंच पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुस्तकातला श्याम, जन्मला. आजोबांच्या काळात घर भरलेलं होतं. वडलांच्या हयातीत ते ओसरत गेलं. वाटण्या आणि कोर्टकज्जे आले, पाठोपाठ कर्ज आलं. भाऊबंदकीनं घरं कशी फुटतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता त्या मुलाच्या मागोमाग चला. पुस्तकातलं ‘पर्णकुटी’ हे प्रकरण तुमच्या डोळ्यांपुढं घडतं आहे. मोठं घर सुटलंय. माहेरच्या आसऱ्याला राहणं आईला सोसत नाही. झोपडी असली तरी चालेल, पण ती आपली पाहिजे, हा तिचा हट्ट. मग मातीच्या भिंती उभ्या राहतात, वर गवत शाकारलं जातं. हात लावून बघा, भिंत अजून ओली आहे. वडलांना त्या घरात शिरताना कमीपणा वाटतो. आई मात्र आनंदात आहे. माझ्या मते हा सगळ्या पुस्तकाचा कणा आहे. श्यामचा स्वाभिमान या ओल्या भिंतीतून आला आहे.

गोठ्यात मोरी गाय आहे. ती आईशिवाय दुसऱ्याला धार काढू देत नाही. देवणीच्या माणसानं इथं थांबावं. ओळखीच्या हातालाच पान्हा सोडणारं जनावर म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं.

पुढं याही घरावर जप्ती येते. दवंडी गावभर फिरते आणि आई आत बसून ती ऐकते. तुम्हीही ऐका. सावकाराचं कर्ज असो की बँकेचं, चारचौघांत आपल्या घराचं नाव पुकारलं जाण्याचं दुःख आपल्याकडं आजही ताजं आहे. २ नोव्हेंबर १९१७ ला आई, यशोदाबाई, गेल्या, तेव्हा शिकायला गेलेला पांडुरंग त्यांच्याजवळ नव्हता.

यानंतर पांडुरंगानं स्वतःचं असं घर केलं नाही. १९२४ च्या अमळनेरात या. प्रताप हायस्कुलाच्या वसतिगृहात एक सडसडीत शिक्षक मुलांची अंथरुणं घड्या घालून ठेवतो आहे, त्यांचे कपडे धुतो आहे. आई पालगडात जे करायची, तेच तो परक्या पोरांसाठी करतो. १९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. मग धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग. धुळ्यात १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरून घेतली.

आता ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार. नाशिकचा तुरुंग. दगडी भिंत, गजांचं दार, थंडी. तेहतीस वर्षांचा कैदी ‘श्यामची आई’ लिहायला बसतो. प्रकरणांना तो प्रकरण म्हणत नाही, रात्र म्हणतो. रात्र पहिली, रात्र दुसरी. तुम्ही त्याच्या खांद्यावरून डोकावता तेव्हा कागदावर गज नसतात. तिथं तुळस असते, चूल असते, गवताचं छप्पर असतं. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे, तो लेखणी खाली ठेवतो. पाच दिवस. हातून गेलेलं घर त्यानं सरकारच्या कोठडीत पुन्हा बांधून काढलं. भक्कम वाड्यात सुखानं राहिलेल्या माणसाच्या हातून हे पुस्तक झालं असतं, असं मला वाटत नाही.

१९३५ मध्ये पुस्तक छापून आलं, तेव्हा देवणी निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होती. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजी विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून दहा दिवस उपाशी बसले, तेव्हाही देवणी निजामाच्याच राज्यात. आईनं पोटाला चिमटा काढून स्वतःचं दार उभं केलं होतं. मुलगा ज्यांना दारच नव्हतं त्यांच्यासाठी बसला. दार उघडलं.

डोळे उघडा. गाय हंबरते आहे, धारेची वेळ झाली. वर लादनीला वाळवी लागलेली दिसते. पुढच्या उन्हाळ्यात हे माळवद उतरवून स्लॅब टाकायचं तुमच्या घरात ठरलंय, गल्लीत बऱ्याच जणांनी तेच केलंय. करा. घर पक्कं असावं. पालगडचं गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलं गेलं, तुमचं जपलं जाणार नाही. म्हणून पहिली कुदळ पडायच्या आत आईला ढाळजेत बसवा, ती या घरात लग्न होऊन आली त्या दिवसापासूनचं सगळं तिला विचारा, आणि ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत, वहीत उतरवून घ्या.