एसएमपीएसची पारख : प्रस्तावना

वाशिम, रिसोड किंवा कारंजातल्या दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेला संगणक आला की पहिली तपासणी ठरलेली असते. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडायची, पंखा फिरला की मल्टिमीटर लावायचा आणि पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट दिसले की एसएमपीएस चांगला म्हणायचा. सुरुवात म्हणून हे योग्यच आहे. पण एवढ्या तपासणीत एसएमपीएसला अजून काम दिलेलेच नसते. किती लोडवर, किती वेळ आणि कोणत्या इनपुटवर, हे विचारले की खरी पारख सुरू होते.

इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची रेल ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहायला हवी, लोड हलका असो वा पूर्ण. असा लोड द्यायला महागडे यंत्र नसले तरी अभ्यास अडत नाही. गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो. थंड फिलामेंट क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून बल्ब एकेक करून जोडावेत आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज टिपावे.

डीसी व्होल्टवर लावलेला मल्टिमीटर सरासरी सांगतो. तिच्यावरचा रिपल पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. मर्यादा १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट, तर ५ आणि ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट, शिखरापासून तळापर्यंत. मोजताना बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवावी, प्रोबच्या टोकाशी १० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावावेत आणि ग्राउंडची तार आखूड असावी. तार लांब असली तर ती आसपासचा गोंगाट पकडते आणि चांगला एसएमपीएसही दोषी ठरतो.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. लाइट क्षणभर गेली तर एसएमपीएस किती तग धरतो, ही पहिली. ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. पूर्ण लोडवर निदान १६ मिलिसेकंद तग धरणे अपेक्षित असते. साध्या यूपीएसला बॅटरीवर जायला लागणारा वेळ याच अवधीत बसायला हवा. दुसरी गोष्ट विदर्भातला उन्हाळा. तापमान १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि कपॅसिटर थकले की रिपल वाढतो. म्हणून डिसेंबरातले मोजमाप मे महिन्यात पुन्हा घ्यावे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. २३० व्होल्टचे डीसी होताना आत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. शिकाऊ हातांनी पेटी उघडू नये. इथली सारी मोजमापे बाहेरच्या तारांवर घेता येतात.

पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रातला संगणक बंद पडला, तर रांगेतल्या शेतकऱ्याचा अर्ज हुकू शकतो. या विषयाचे मोल तिथे कळते. आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी आणि दुकानातल्या कारागिरांनी एक वही घालावी: लोड, इनपुट, तापमान, व्होल्टेज, रिपल. असे आकडे जमले, तर आपल्या हवेत आणि आपल्या लाइटवर कोणता एसएमपीएस टिकतो, हे दुकानदार गिऱ्हाइकाला पुराव्यासह सांगू शकेल.