माणगाव, बार्शी, महाड

दलित चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा, सत्याग्रह आणि नेते यांची नोंद घेतो. ही नोंद प्रथम ज्या कागदावर झाली, त्या कागदाचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. तो कागद कोणाच्या पैशाने आला, छापखाना कोणाचा होता, वर्गणी किती जणांनी भरली आणि किती जणांनी थकवली, हे प्रश्न आपल्याला हिशेबनिसाचे वाटतात. माझ्या मते ते इतिहासाचेच प्रश्न आहेत. ज्या समाजाचे स्वतःचे पत्र नसते, त्या समाजाने केलेली मोठी गोष्टही पुढच्या पिढीपर्यंत अर्धीमुर्धीच पोहोचते. हे मी तीन गावांच्या आधारे मांडणार आहे. त्यांतले मधले गाव माझे आहे.

पहिले गाव माणगाव. कोल्हापूर संस्थानातल्या या गावी २१ व २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. या परिषदेच्या आधी दोन महिनेही झाले नव्हते तोच, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले होते. त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. परिषद झाली आणि तिचा वृत्तान्त छापायला आपले पत्र हाताशी होते. म्हणून माणगावचा इतिहास आज तारखेसह, भाषणांसह आणि ठरावांसह सांगता येतो.

तिसरे गाव महाड. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि लोक चवदार तळ्यावर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. महाडात काय घडले, मारहाण कोणी केली, मार कोणी खाल्ला, तळे बाटल्याची आवई कशी उठली, हे आपल्या बाजूने सांगणारा कागद तयार झाला. डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले तेव्हाही तो हजर होता. महाड अजरामर झाले ते तिथल्या माणसांच्या धैर्यामुळे. पण त्या धैर्याला साक्षीदार मिळाला, हेही विसरता येत नाही.

आता मधले गाव. १९२४ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद बार्शीला भरली. त्याच वर्षी २० जुलैला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. म्हणजे आमच्या या जिल्ह्यात त्या वर्ष-दीड वर्षात काहीतरी हलत होते, माणसे जमत होती. पण 'मूकनायक' १९२३ सालीच बंद पडले होते आणि 'बहिष्कृत भारत' निघायला अजून तीन वर्षे होती. बार्शीची परिषद नेमकी या पोकळीत सापडली. तिच्याविषयी जे कळते ते खैरमोड्यांसारख्या चरित्रकारांच्या कष्टांतून आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. मी वर्गात माणगाव विचारतो तेव्हा चार हात वर होतात. महाड विचारतो तेव्हा सगळा वर्ग बोलू लागतो. बार्शी विचारतो तेव्हा बार्शीचीच मुले एकमेकांकडे बघतात.

'मूकनायक' बंद का पडले? त्याच्या जन्माच्या वेळी 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला, ही गोष्ट आपण भाषणांतून नेहमी सांगतो. ती खरी आहे आणि सांगितलीच पाहिजे. पहिल्या अंकाच्या अग्रलेखातही बाबासाहेबांनी त्या काळच्या पत्रांचा हिशेब मांडला होता. बहुतेक पत्रे आपापल्या जातीचे हित पाहतात. 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोध पत्रिका' यांसारखी काही पत्रे बहिष्कृतांचे प्रश्न अधूनमधून घेतात, पण त्यांत या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्याच्या घरातली जागा ही दुसऱ्याच्या सवडीने मिळते, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

परंतु केसरीच्या नकाराने 'मूकनायक' मेले नाही. १९२० च्या जुलैत बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले. मागे पत्र चालवायला पैसा नव्हता. जाहिरात देणारा व्यापारी आपल्या समाजात नव्हता आणि वर्गणी भरण्याइतका रोख पैसा बलुत्यावर जगणाऱ्या माणसाच्या हाती येत नव्हता. 'बहिष्कृत भारत'च्या वेळीही तेच झाले. संपादक तेच, लेखक तेच, कारकुनाचे कामही पुष्कळदा त्यांच्याच माथी. १९२८ च्या फेब्रुवारीत 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा मथळा देऊन त्यांना वाचकांपुढे पत्राची आर्थिक अवस्था मांडावी लागली. १९२९ च्या नोव्हेंबरात ते पत्र थांबले. बॅरिस्टर झालेला, जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस रात्री जागून रकाने भरतो आणि शेवटी पैशाअभावी हात टेकतो, हे चित्र नीट डोळ्यांपुढे आणले पाहिजे. सवर्णांच्या अन्यायाची नोंद आपण ठेवली. या थकलेल्या ऋणाची नोंद मात्र आपण आपल्या खात्यावर कधी नीट मांडली नाही.

येथे आपल्या लोकांना बोल लावणे मला सोपे वाटत नाही. माझे आजोबा बार्शीच्या अडत बाजारात हमाली करीत. त्यांना अक्षर येत नव्हते. तरी 'जनता' त्यांना ठाऊक होते, कारण वस्तीत एका माणसाकडे अंक येई आणि रात्री तो मोठ्याने वाचला जाई. वाचणारा एक आणि ऐकणारे पंचवीस-तीस. कठीण शब्द आला की वाचणारा थांबे, त्याचा अर्थ सांगे आणि मग पुढे जाई. आजोबा सांगत की मुंबईत बाबासाहेब काय बोलले, हे आमच्या वस्तीला आठवड्याभरात कळायचे, पण गावातल्या वाड्यात काय चालले आहे ते कळायचे नाही. या वाचनातून जी पिढी शहाणी झाली तिनेच पुढे आपली पोरे शाळेत घातली. माझे वडील चौथीपर्यंत शिकले. मी पदवीधर झालो तो आमच्या घराण्यात पहिला.

पण या चित्राची दुसरी बाजू जमाखर्चाच्या वहीत दिसते. तीस माणसांनी ऐकलेला अंक वहीत एक वर्गणीदार म्हणून पडे. आपल्या पत्रांना श्रोते अफाट होते आणि ग्राहक मोजके. प्रस्थापितांच्या पत्रांचे याच्या उलट होते. त्यांच्या घराघरात अंक जाई, पेढीवरून जाहिरात येई, छापखाना स्वतःचा असे. लोकप्रियता आणि दारिद्र्य एकाच वेळी नांदण्याचे हे दुर्दैव आपल्या पत्रांच्या वाट्याला आले. तरीही २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेले 'जनता' अनेक अडचणींतून पंचवीस वर्षे टिकले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'प्रबुद्ध भारत' झाले, हे त्या गरीब वर्गणीदारांचे कर्तृत्व आहे. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

हा सगळा जुना इतिहास झाला, आता काय त्याचे, असे कोणी म्हणेल. म्हणून पुढच्या तीन प्रसंगांकडे पाहावे.

१९७२ साली परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची पाण्यावरून विटंबना झाली. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला 'साधना'च्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि वादळ उठले. ते वादळ उठले राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांवरून. वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने ध्वजाच्या अवमानावर खर्च झाले आणि ज्या बायांसाठी तो लेख लिहिला होता त्या मागे पडल्या. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि खेड्यांतल्या दलित वस्त्या पेटल्या. बार्शी ओलांडली की मराठवाडा लागतो. त्या मराठवाड्यातले वजनदार दैनिक नामांतराच्या विरोधात उभे होते. घर जळणाऱ्याने आपली कैफियत कोणत्या कागदावर लिहायची होती? नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. एका कुटुंबातल्या चौघांना गावाने ठार मारले. महाराष्ट्राच्या मोठ्या वृत्तपत्रांना त्यातली जात दिसायला महिनाभर लागला. आधी ती अनैतिक संबंधांची बातमी होती. ती जातीय हत्याकांडाची बातमी झाली ती आपल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती गोळा केली, पत्रके काढली आणि लोक रस्त्यावर आले त्यानंतर.

याच २००६ साली दिल्लीतल्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या प्रसारमाध्यमांची एक पाहणी झाली. निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पदांवर अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस आढळला नाही. बातमी कोणती आणि पहिल्या पानावर काय, हे ठरवणाऱ्या खोलीत आपण नव्हतो. तीन वर्षांनी, २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीत, पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण उघडकीला आले आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल तयार केला. वृत्तपत्राचा व्यवसाय हा व्यापार झाला आहे, असे बाबासाहेब १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात बोलले होते. साडेसहा दशकांनी त्याचा दरपत्रकासह पुरावा मिळाला, एवढेच.

या मुद्द्याला एक दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या शासकीय खंडांची छपाई रखडली, कागद घेऊन ठेवलेला पण पुस्तके नाहीत, हे २०२१ च्या अखेरीस एका मोठ्या मराठी दैनिकाने छापले. त्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा प्रस्थापित पत्रांतून आपले काम कधीच होत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. होते. परंतु ते केव्हा व्हावे, किती दिवस चालावे आणि केव्हा थांबावे, हे आपल्या हाती नसते. 'मूकनायक'च्या पहिल्या अग्रलेखातला निष्कर्ष शंभर वर्षांनीही तसाच उभा आहे.

गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना वाचनालयातल्या जुन्या दैनिकांच्या फायली चाळायला पाठवले होते. ज्याने त्याने एका वर्षाच्या अंकांत आपल्या गावाची बातमी शोधायची होती. बार्शी तालुक्यातल्या एका खेड्याची मुलगी आठवडाभराने आली. तिला गावची जत्रा सापडली, सोसायटीची निवडणूक सापडली, पुढाऱ्याचा सत्कार सापडला. आपली वस्ती एकदाच सापडली, चोरीच्या संशयात. ती म्हणाली, "सर, आमच्या आज्जीनं सांगितलेलं कायच नाही ह्यात. मग मी लिहू काय?" मी तिला आज्जीचे म्हणणे तारीख-वार घालून लिहून आणायला सांगितले. तिने सोळा पाने आणली. त्या सोळा पानांत विहिरीचे भांडण होते, मेलेले ढोर ओढायला नकार दिल्यावर घातलेला बहिष्कार होता, वस्तीत आलेला पहिला विजेचा दिवा होता. इतिहास होता. फक्त तो कोणी छापला नव्हता.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. एका क्षणात हजारो लोकांपर्यंत मजकूर जातो आणि आपल्या मुलांनी ही विद्या चांगली हस्तगत केली आहे. अत्याचाराची बातमी आता महिनाभर दडपता येत नाही, हे मोठे काम झाले आहे. पण या मजकुराला पुष्कळदा लेखक नसतो, तारीख नसते, संपादक नसतो. खरे-खोटे एकाच वेगाने पळते. सहा महिन्यांनी शोधायला जावे तर ते सापडत नाही. पूर्वी तीस ऐकणारे होते आणि वर्गणीदार एक होता. आता तीसच्या तीस वाचणारे आहेत आणि वर्गणीदार एकही नाही. जे फुकट मिळते त्याचा मालक दुसरा कोणीतरी असतो, आणि मालकाने दार लावले की आपण पुन्हा मूक होतो. पोकळीत सापडलेली आमची १९२४ ची परिषद मला म्हणूनच वारंवार आठवते. आजच्या काळातल्या कितीतरी बार्श्या अशाच पोकळीत चालल्या आहेत.

आता आपल्यात पगारदार माणूस आहे. माझ्यासारखे शिक्षक आहेत, बँकेत, महसुलात, एस.टी.त माणसे आहेत. आजोबांच्या पिढीजवळ नसलेला रोख पैसा महिन्याच्या महिन्याला आपल्या हाती येतो. मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकासाठी वर्गणी गोळा होते, तशी एका नियतकालिकासाठी का होऊ नये? प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका ठिकाणी आपल्या पत्रांच्या फायली बांधून ठेवल्या जाव्यात. वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून जुन्या सभांविषयी ऐकले आहे, त्यांचे शब्द नाव, गाव आणि तारखेसह उतरून घेतले जावेत. बार्शीच्या परिषदेला २०२४ साली शंभर वर्षे झाली. तिच्याविषयी ऐकलेले सांगू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ती गेल्यावर आपण कोणाला विचारणार आहोत? बहिष्कृत भारताचे ऋण १९२८ साली मागितले गेले. ते अजून फिटलेले नाही, आणि आता आपण ते फेडू शकत नाही असे म्हणायला आपल्याजवळ गरिबीचे कारणही उरलेले नाही.