रिकाम्या पातेल्याची कुळकथा

1 डिसेंबर 1971 रोजी चिलीची राजधानी सान्तियागो इथे हजारो बायका मोर्चाने निघाल्या. हातात रिकामी पातेली, झाकणं, तवे आणि ते बडवायला चमचे. आज पातेलं बडवणं ही हुकूमशाहीविरुद्धची खूण म्हणून जगभर ओळखली जाते. पण त्या संध्याकाळी समोर हुकूमशहा नव्हता. साल्वादोर अलेंदे हे मतपेटीतून निवडून आलेले समाजवादी अध्यक्ष होते आणि ही पातेली त्यांच्याविरुद्ध वाजत होती.

देशात टंचाई जाणवू लागली होती. तिची कारणं अनेक होती. मजुरी वाढल्याने मागणी वाढली होती, किमती सरकारने बांधून टाकल्या होत्या, साठेबाज माल दडवत होते आणि अमेरिकेने कर्जाच्या वाटा आवळल्या होत्या. क्युबाचे फिदेल कास्त्रो तेव्हा चिलीच्या लांबलेल्या दौऱ्यावर होते, तोही विरोधकांच्या रागाचा विषय होता. मोर्चात गरीब वस्त्यांतल्या बायकाही होत्या, पण पुढाकार सुखवस्तू आणि मध्यमवर्गीय घरांतल्या बायकांचा होता. भोवती उजव्या गटांचे तरुण संरक्षणाला. डाव्या तरुणांशी हाणामारी झाली, अश्रुधूर सुटला, राजधानीत आणीबाणी पुकारली गेली. पुढची दोन वर्षं चांगल्या वस्त्यांतून रात्री पातेली वाजत राहिली. बराकीतले सैनिक हालत नाहीत, कोंबड्यांसारखे भित्रे आहेत, असं हिणवायला बायकांनी त्यांच्यापुढे मक्याचे दाणे फेकले. ऑगस्ट 1973 मध्ये सेनापती कार्लोस प्रात्स यांच्या दारात लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका निदर्शनं करायला जमल्या. राज्यघटनेशी निष्ठा ठेवणाऱ्या प्रात्स यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले आउगुस्तो पिनोचेत. 11 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांनी बाँब टाकले, अलेंदे त्याच दिवशी गेले.

शांततामय निषेधावर श्रद्धा असलेल्या प्रत्येकाने ही सुरुवात लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. पातेल्याला स्वतःचं पुण्य नसतं. अलेंदे यांना पातेल्यांनी पाडलं असं म्हणणं चूक ठरेल, त्यांना रणगाड्यांनी पाडलं. पण बंड करणाऱ्या सेनानींना ‘देशातल्या आयाबहिणींनीच आम्हाला हाक मारली’ असं म्हणण्याची सोय या आवाजाने करून दिली.

कुळ शोधत मागे गेलं तर वाट फ्रान्समध्ये जाते. तिथल्या गावांत एखादा म्हातारा विधुर कोवळ्या पोरीशी लग्न करून आला की गावची पोरं रात्री त्याच्या दाराशी भांडी बडवत, शिंगं फुंकत, हवं ते बोलत. या गोंगाटाला शारिवारी म्हणत. आपल्याकडे शिमग्याला एखाद्याच्या नावाने बोंबा ठोकतात त्यातलाच प्रकार. त्या दिवसापुरती लहानाने मोठ्याला चारचौघांत बोलायची मुभा. 1830 च्या क्रांतीनंतर लुई फिलिप गादीवर आला आणि क्रांतीची आश्वासनं विरू लागली, तेव्हा 1832 च्या सुमाराला लोकांनी ही जुनी रीत राजकारणात आणली. राजाची तळी उचलणाऱ्या खासदारांच्या खिडकीखाली भांडी वाजू लागली. त्याच वर्षी शार्ल फिलिपाँ याने पॅरिसमध्ये राजाची खिल्ली उडवणारं व्यंगचित्रांचं दैनिक काढलं, त्याचं नावच ‘ल शारिवारी’ होतं.

पुढचा टप्पा बोलायला अवघड आहे. 23 सप्टेंबर 1961 च्या रात्री अल्जिअर्समध्ये युरोपीय वसाहतवाल्यांनी गच्च्यांवरून, खिडक्यांतून भांडी बडवली. तीन आखूड ठोके, मग दोन लांब. ‘अल्जीरी फ्रांसेझ’, म्हणजे अल्जीरिया फ्रान्सचाच राहिला पाहिजे, या घोषणेचा तो ताल होता. हाक दिली होती ओएएस या गुप्त संघटनेने, जी त्याच काळात बाँब लावत आणि माणसं मारत होती. म्हणजे अल्जिअर्स असो की सान्तियागो, विसाव्या शतकात हे साधन आधी हाती घेतलं ते हातातलं काही निसटताना पाहणाऱ्यांनी.

मग ते बाजू बदलून गेलं कसं? ही गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे.

पिनोचेत यांच्या राजवटीत 3,000 हून अधिक माणसं मारली गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. हजारोंचा छळ झाला. संसद बंद, पक्षांवर बंदी, रात्री संचारबंदी. दहा वर्षं बहुतेक लोक घरात हळू आवाजात बोलले. 1982 मध्ये अर्थव्यवस्था कोसळली. वर्षभरात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे 14 टक्क्यांनी घसरलं, गरीब वस्त्यांत घरोघरी बेकार माणसं दिसू लागली. तिथल्या बायकांनी सामुदायिक चुली मांडल्या. दोन घरांतून कांदे, तिसऱ्यातून घेवडा, आणि सगळ्या गल्लीचं एकच मोठं पातेलं. 1971 च्या मोर्चातली पातेली रिकामी होती ती प्रतीक म्हणून. ही खरोखर रिकामी होती.

तांब्याच्या खाणकामगारांच्या महासंघाचा नवा अध्यक्ष रोदोल्फो सेगेल याने तेव्हा तिशीही गाठली नव्हती. 11 मे 1983 ला देशव्यापी संप करायचा असं महासंघाने ठरवलं. तांबं म्हणजे चिलीच्या निर्यातीचा कणा. तिथे संप झाला तर लष्कर उतरणार आणि रक्त सांडणार हे दिसू लागलं, तेव्हा महासंघाने पवित्रा बदलला. संपाऐवजी ‘राष्ट्रीय निषेधाचा दिवस’. कार्यक्रम असा की त्यात भित्र्यातल्या भित्र्या माणसालाही काहीतरी करता यावं. मुलांना शाळेत पाठवू नका. खरेदी करू नका. काम हळू करा, गाडी हळू चालवा. आणि रात्री 8 वाजता दिवे मालवून घरातूनच पातेली वाजवा.

या आखणीत किती शहाणपण आहे ते पाहण्यासारखं आहे. मोर्चा म्हटला की माणूस ओळखू येतो, त्याचा फोटो निघतो, त्याला गाडीत कोंबता येतं. अंधाऱ्या इमारतीतून येणारा आवाज नेमका कोणत्या खिडकीतला हे रस्त्यावरच्या पोलिसाला कळत नाही. हत्यार जप्त करायचं तर प्रत्येक स्वयंपाकघर रिकामं करावं लागेल. पुढारी पकडला तरी पातेली वाजतातच. आणि म्हाताऱ्या आजीपासून सात वर्षांच्या पोरापर्यंत, शिकवल्याशिवाय, ज्याला त्याला हे येतं.

त्या रात्री 8 वाजता आवाज सुरू झाला आणि तो थांबेचना. पूर्वी अलेंदेंविरुद्ध पातेली वाजलेल्या मध्यमवर्गीय वस्त्यांतही तो उठला, शहराच्या कडेच्या पत्र्याच्या वस्त्यांतही. आखणी करणाऱ्यांनाही इतक्या प्रतिसादाची अपेक्षा नव्हती. माझ्या मते या साधनाचं खरं काम इथेच दिसतं. हुकूमशाहीला प्रत्येकाचं प्रेम लागत नाही. ‘असं वाटणारा मी एकटाच आहे’ ही प्रत्येकाची समजूत टिकली की तिचं भागतं. वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी, बंद केलेली संसद ही सगळी यंत्रणा त्या समजुतीसाठी राबत असते. शेजारचा गप्प आहे म्हणून मी गप्प, मी गप्प म्हणून शेजारचा. दहा वर्षांनी एका रात्रीत लाखो माणसांना समोरच्या, मागच्या, वरच्या घरातून कळलं की आपण एकटे नाही.

याची किंमत सर्वांना सारखी पडली नाही, हेही सांगितलं पाहिजे. उंच इमारतीत खिडकी सापडत नाही, पण पत्र्याच्या झोपडीतला आवाज लगेच सापडतो. त्या रात्री 2 तरुण गोळीने मेले. तीन दिवसांनी, 14 मेच्या पहाटे, लष्कराने दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांना वेढा घातला आणि 14 वर्षांवरच्या पुरुषांना घरांतून काढून मैदानांत उभं केलं. तरी पुढच्या महिन्यात पुन्हा निषेध झाला, त्याच्या पुढच्या महिन्यातही. सेगेलला अटक झाली. ऑगस्टच्या निषेधाला पिनोचेतनी सान्तियागोत 18,000 सैनिक उतरवले. पंचवीसहून अधिक माणसं मारली गेली, काही आपल्याच घरात असताना.

मग पातेल्यांनी काय साधलं? पिनोचेत हटले नाहीत, आणखी साडेसहा वर्षं राहिले. नोव्हेंबर 1984 मध्ये पुन्हा वेढ्याची आणीबाणी लागली, निषेधांची लाट ओसरली. एवढंच पाहणारा माणूस म्हणेल की गेलं सगळं वाया. पण त्याच 1983 च्या ऑगस्टमध्ये सरकारला विरोधकांशी बोलणी करणारा गृहमंत्री नेमावा लागला, परागंदा झालेल्या काही जणांना परत येऊ द्यावं लागलं, आणि बंदी असलेले पक्ष उघडपणे आघाडी करून उभे राहिले. वर्षाअखेरीस ‘मुहेरेस पोर ला विदा’, म्हणजे जीवनासाठी स्त्रिया, या नव्या गटाने सान्तियागोचं कौपोलिकान नाट्यगृह सुमारे 10,000 बायकांनी भरून टाकलं. वेगवेगळ्या पक्षांतले पुरुष एका व्यासपीठावर यायला कां कूं करत होते तेव्हाची ही गोष्ट.

पिनोचेत यांनी सत्तेवर राहावं का, या प्रश्नावरचं 5 ऑक्टोबर 1988 चं सार्वमत पातेल्यांनी मिळवलेलं नव्हतं. पिनोचेत यांच्या 1980 च्या राज्यघटनेतच ते लिहिलेलं होतं आणि आपण जिंकणारच अशी त्यांची खात्री होती. विरोधकांनी मात्र 1983 ला लागलेला धडा कामाला लावला. गावोगाव फिरून मतदार नोंदवले, घाबरलेल्यांना मत गुप्त राहील हे पटवलं, सरकारी मोजणीला समांतर अशी स्वतःची मोजणी उभी केली. सुमारे 56 टक्के मतं ‘नाही’ला पडली. रात्री निकाल अडवून धरला गेला तेव्हा हवाई दलाचे प्रमुख फेर्नांदो मातेई यांनी बैठकीला प्रासादात शिरता शिरता पत्रकारांना सांगून टाकलं की ‘नाही’ जिंकलं आहे. लष्करी मंडळातच फूट पडली हे देशाला तिथे कळलं. 11 मार्च 1990 ला सत्तांतर झालं. पिनोचेत मात्र 1998 पर्यंत सेनापती राहिले. विजय इतका अर्धामुर्धा होता.

उरुग्वायने हेच साधन 1983 मध्येच उचललं आणि तिथली लष्करी राजवट 1985 ला गेली. अर्जेंटिनात 2001 ला आणि आइसलँडमध्ये 2009 ला पातेल्यांच्या गजरात सरकारं काही दिवसांत पडली, पण ती निवडून आलेली सरकारं होती आणि ती उदाहरणं इथे मोजू नयेत.

हा फरक आपल्याला घरच्या इतिहासातून नीट कळतो. 1972 च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. समाजवादी आणि कम्युनिस्ट बायका एकत्र आल्या, हातात लाटणं आणि थाळी. तो थाळीनाद सरकारला ऐकवण्यासाठी होता, कारण सरकारला पुढच्या निवडणुकीत त्याच बायकांची मतं मागायची होती. मृणालताई त्याच वर्षी आमदार झाल्या होत्या. रस्त्यावरचा प्रश्न सभागृहात नेता येत होता. 1975 ला आणीबाणी आली आणि ती वाट बंद झाली. या तिघीही तुरुंगात गेल्या. मतं मागायची गरजच न उरलेल्या सत्तेपुढे थाळी वाजवून सत्तेचं मन वळत नाही. तिथे ती शेजाऱ्यासाठी वाजवायची असते. 1977 ला निवडणूक झाली तेव्हा मृणालताई आणि अहिल्याताई मुंबईतून लोकसभेवर गेल्या.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी 1900 ते 2006 या काळातल्या 323 मोठ्या लढ्यांचा अभ्यास करून 2011 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या मोजणीत अहिंसक लढे 53 टक्के वेळा यशस्वी झाले, सशस्त्र लढे 26 टक्के. हा आकडा अनेकदा सांगितला जातो. त्यापुढचं कमी सांगितलं जातं. चेनोवेथ यांनीच नंतर दाखवलं की 2010 नंतर अहिंसक लढ्यांचं यश 34 टक्क्यांच्याही खाली आलं आहे. राज्यकर्ते शिकले आहेत. अंधारातल्या खिडकीचं संरक्षणही आता पूर्वीसारखं नाही, मोबाइल आणि कॅमेरे आहेत.

म्यानमारमध्ये 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावली. दुसऱ्याच दिवशी रात्री 8 वाजता यांगोनच्या सज्ज्यांतून भांडी वाजू लागली. तिथे भांडी बडवून घरातलं भूत पळवायची जुनी रीत आहे, त्यामुळे कोणाला काही समजवावं लागलं नाही. चिलीत 1983 ला घडलं तेच इथे घडलं, फक्त अधिक वेगाने. डॉक्टर आणि नर्सनी काम सोडलं, पाठोपाठ शिक्षक, रेल्वे कामगार, बँक कर्मचारी. पण चिलीत जे शेवटी झालं ते इथे झालं नाही. सेनानींत मातेई निघाला नाही. सैनिक आणि त्यांची कुटुंबं वेगळ्या वसाहतींत राहतात, त्यांचा पैसा लष्कराच्याच कंपन्यांत गुंतलेला असतो. शेजारच्या खिडकीतला आवाज त्यांच्या कानी पडतच नाही. निःशस्त्र जमावांवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढच्या वर्षांत हजारो माणसं मारली गेली.

पातेली वाजवणारे अनेक तरुण त्यानंतर जंगलात जाऊन बंदुका चालवायला शिकले. त्यांना अहिंसेचा पाठ द्यायला मी धजणार नाही. पण फेब्रुवारीतल्या त्या रात्रींना निष्फळ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. सरकारी नोकरी, पगार आणि सरकारी घर सोडून लाखभर माणसं संपावर गेली ती पहिल्या आठवड्यांत, सगळं शहर आपल्या बाजूने आहे हे ऐकल्यावर. त्यांतले कित्येक डॉक्टर आणि शिक्षक आज लष्कराच्या ताब्याबाहेरच्या मुलखात दवाखाने आणि शाळा चालवतात.