'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका

सन १८७३ मध्यें जोतीराव गोविंदराव फुले यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्या काळीं ग्रंथकार आपला ग्रंथ एखाद्या संस्थानिकाला, अधिकाऱ्याला अथवा उदार धनिकाला अर्पण करीत असत, आणि त्यांत थोडाबहुत व्यवहारही असे. जोतीरावांनीं ज्यांना आपलें पुस्तक अर्पण केलें, त्यांच्याकडून एक पैही मिळण्याचा संभव नव्हता. तें अर्पण होतें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जनांना. कृष्णवर्णीय गुलामांना दास्यांतून सोडविण्यासाठीं त्यांनीं निःस्वार्थपणें झीज सोसली, म्हणून हा मान. आणि आपल्या देशबांधवांनींही तोच कित्ता गिरवून शूद्रादि बांधवांना मुक्त करावें, ही इच्छा. सात समुद्रांपलीकडील एका राष्ट्राविषयीं पुण्यांतील ह्या गृहस्थाला इतकी आत्मीयता कां वाटली, हें पाहण्यासाठीं त्या राष्ट्राच्या जन्मापर्यंत मागें जावें लागतें.

राष्ट्रांची ओळख बहुधा वंशानें, भाषेनें किंवा पुरातन भूमीनें सांगितली जाते. संयुक्त संस्थानांना हें माप लागूं पडत नाहीं. तेथें इंग्रज, डच, जर्मन, आयरिश असे नाना देशींचे लोक येऊन वसले. आफ्रिकेंतील लोक साखळदंडांत आणले गेले. आणि जे मूळचे रहिवासी, त्यांना मागें मागें रेटण्यांत आलें. ह्या सर्वांना बांधणारा जुना इतिहास नव्हता. होतें तें एक लेखी वचन. ४ जुलै १७७६ रोजीं फिलाडेल्फिया येथें तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. मनुष्यें समान निर्माण झालीं आहेत, निर्मात्यानें त्यांना न हिरावतां येणारे हक्क दिले आहेत, आणि राज्यसत्ता ही त्या हक्कांच्या रक्षणासाठीं प्रजेच्या संमतीनें उभी असते, हीं त्याचीं मूलतत्त्वें. हीं तत्त्वें मानील तो अमेरिकन, अशी आपली ओळख तें राष्ट्र पुढें सांगूं लागलें. व्याख्या मोठी सुंदर; परंतु ती करणाऱ्यांच्याच घरीं ती पाळली जात नव्हती.

जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा थॉमस जेफर्सन स्वतः गुलामांचा धनी होता. त्याच्या मसुद्यांत गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारें एक कलम होतें. तें प्रतिनिधींनीं गाळून टाकलें. पुढें १७८७ सालीं राज्यघटना तयार झाली, तेव्हां कायदेमंडळांतील जागा ठरविण्यासाठीं पांच गुलाम म्हणजे तीन माणसें असा हिशेब धरण्यांत आला, आणि गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करतां येऊं नये अशी तजवीज करण्यांत आली. एवढें करून त्या मूळ घटनेंत 'गुलाम' हा शब्द कोठेंही येऊं दिला नाहीं. शब्दाची लाज वाटावी पण वस्तूची वाटूं नये, असा हा प्रकार! तथापि एकदां जाहीर केलेलें वचन परत घेतां येत नाहीं. फ्रेडरिक डग्लस हा दास्यांतून पळून आलेला वक्ता. त्यानें १८५२ सालीं रॉचेस्टर येथें स्वातंत्र्यदिनाच्या निमित्तानें बोलतांना ह्याच वचनाचा आरसा आपल्या गोऱ्या श्रोत्यांपुढें धरला. १८६३ मध्यें गेटिसबर्ग येथें अब्राहम लिंकननें राष्ट्राचा जन्म मोजला तो घटनेच्या सालापासून नव्हे, १७७६ पासून.

हें वचन पुण्यांत पोंचलें तें एका पुस्तकाच्या द्वारें. थॉमस पेन हा जन्मानें इंग्रज. १७७४ च्या अखेरीस तो अमेरिकेस गेला, आणि तेथें जाऊन सव्वा वर्षही झालें नव्हतें तोंच स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारी त्याची पुस्तिका वसाहतींत घरोघर वाचली जाऊं लागली. नुकत्याच आलेल्या परक्यानें एका राष्ट्राला त्याचें मन सांगावें, हें त्याच देशीं घडूं शकलें! त्याचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ १७९१ व १७९२ मध्यें दोन भागांत निघाला. जोतीरावांनीं तो वाचला तेव्हां त्यांचें वय विशीच्या आसपास होतें. विशेष म्हणजे त्या ग्रंथाचा पहिला भाग जॉर्ज वॉशिंग्टन यांस अर्पण केलेला आहे. हक्कांविषयींचा ग्रंथ अमेरिकेच्या नांवें अर्पण करण्याची कल्पना जोतीरावांच्या डोळ्यांपुढें तेव्हांपासूनच असली पाहिजे, असें मानावयास जागा आहे.

दुसरी वाट अमेरिकन मिशनची. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ सालीं मुंबईस उतरले. १८३१ मध्यें अहमदनगरास त्या मिशनचें ठाणें झालें. तेथें मिस सिंथिया फॅरार यांनीं चालविलेली मुलींची शाळा जोतीरावांनीं पाहिली, आणि १८४८ मध्यें पुण्यांत स्वतःची शाळा काढली. धर्म त्यांनीं घेतला नाहीं, शाळा घेतली.

तिसरा धागा खरोखरच धाग्याचा आहे. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला कीं काल्हेर लागतें, व पुढें भिवंडी. काल्हेरचीं गोदामें आणि भिवंडीचे यंत्रमाग ह्यांमुळें सूत व कापड ह्यांचा व्यवहार तेथील लोकांच्या अंगवळणीं पडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जगांतील सूतगिरण्या मुख्यतः अमेरिकेंतील कापसावर चालत, आणि तो कापूस गुलाम वेंचीत. १८६० च्या शिरगणतींत त्यांची संख्या चाळीस लाखांच्या जवळ होती. १८६१ सालीं तेथें यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरचे गिरणीवाले मुंबईकडे धांवले. कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईंत सोन्याचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टे लागले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या आठवणींत तें युद्ध राहिलें तें ह्या बुडीमुळें. त्याच वर्षीं डिसेंबरांत घटनेची तेरावी दुरुस्ती संमत होऊन दास्य कायद्यानें नष्ट झालें, ह्याची दखल किती व्यापाऱ्यांनीं घेतली असेल? ती जोतीरावांनीं घेतली, आणि आठ वर्षांनीं पुस्तकाच्या पहिल्याच पानावर नोंदविली.

इतिहासाच्या काट्यावर तोलूं गेल्यास त्यांची स्तुति थोडी उदार ठरते. लिंकननें युद्ध केलें तें राष्ट्राची फूट टाळण्यासाठीं. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा हुकूमही केवळ बंडखोर प्रांतांपुरता होता. १८७७ नंतर दक्षिणेंतील प्रांतांनीं मुक्त झालेल्यांचा मताधिकार युक्तीनें व धाकानें हिरावून घेतला, आणि तो खऱ्या अर्थानें परत मिळण्यास १९६५ साल उजाडावें लागलें. परंतु जोतीराव अमेरिकेचें वर्तमानपत्र लिहीत नव्हते. एका राष्ट्रानें आपल्याच वचनासाठीं आपल्याच लोकांशीं युद्ध केलें, हा दाखला त्यांना आपल्या देशबांधवांपुढें ठेवावयाचा होता. शिवाय येथें अडचण अधिक होती. अमेरिकेंतील गुलामाला जाहीरनाम्याकडे बोट दाखवितां येत असे. येथील अस्पृश्याला, तेल्याला, कुणब्याला कोणत्या कागदाकडे बोट दाखवितां येणार होतें?

तो कागद जोतीरावांनीं स्वतःच लिहिला. 'सार्वजनिक सत्यधर्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. हक्क राजानें दिलेले नाहींत, धर्मग्रंथानेंही नाहींत. ते निर्मिकानें दिलेले आहेत, ही त्याची भूमिका. फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्याशीं तिचें नातें उघड आहे. फरक एवढाच कीं तेथें 'पुरुष' ह्या अर्थाचाही असा एक शब्द योजला होता, आणि जोतीरावांनीं प्रत्येक ठिकाणीं स्त्री व पुरुष असा दोघांचाही स्पष्ट उल्लेख केला. जेफर्सनला जें सुचलें नाहीं, तें सावित्रीबाईंच्या पतीला सुचलें.

१९१३ सालीं एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाला. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं तेथें असतां लिंकनच्या देशांतील वर्णभेदही पाहिला. १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढें मांडावयाच्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांसाठींही तसा अर्ज करण्याचा त्यांचा विचार होता. शूद्र पूर्वीं कोण होते ह्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षीं निघाला. त्याची अर्पणपत्रिका जोतीराव फुले यांच्या नांवें आहे.