गावाचं नाव डोंबिवली!

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला जेमतेम ७३! त्यामुळे फोर्टातल्या आमच्या शाखेत साहेब संध्याकाळपर्यंत विचारत होते, "कुठंय तुमचा पाऊस?" बाहेर पडलो तर गाड्या बंद, घरचा फोन मुका. नोकरीला लागून मला जेमतेम वर्ष झालेलं. आमचे रोखपाल गोव्याचे. म्हणाले, "चल, धोबीतलावला आमच्या गावची कूड आहे."

कूड म्हणजे कोकणीत खोली. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याची माणसं खलाशी, आचारी, वादक होऊन मुंबईत येऊ लागली. १९६१ पर्यंत गोव्यात राज्य पोर्तुगीजांचं; पण पोटाला मुंबईच! मग एकेका गावानं वर्गणी काढून इथं खोली केली. जहाज मिळेपर्यंत तिथं पथारी टाकायची, समुद्रावर जाताना पेटी तिथंच ठेवायची. धोबीतलावच्या एकट्या जेर महालात अशा कितीतरी कुडी.

आत गेलो. भिंतीला पेट्यांच्या रांगा, समोर वेदीवर गावचा संत. बायकांना बंदी, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी सक्तीची. नियम आमच्या बँकेपेक्षा कडक!

एका म्हाताऱ्या खलाशानं विचारलं, "गांव खंयचो?"

"डोंबिवली."

"डोंबिवलीची कूड नाय," म्हातारा गंभीरपणे म्हणाला आणि स्वतःची पेटी सरकवून मला जागा करून दिली.

रात्री प्रार्थना झाली. शेवटी समुद्रावर असलेल्यांसाठी दोन शब्द झाले. म्हाताऱ्यानं हळूच पुस्ती जोडली, "आनी डोंबिवलीचे आवयखातीर." आवय म्हणजे आई, एवढं कोकणी मला कळत होतं. मी उगाचच चष्मा पुसत बसलो.

माझे आजोबाही लालबागला गाववाल्यांच्या खोलीतच राहिले. गिरणीसारख्या तिथं झोपायच्याही पाळ्या! आज माझा कर्जाचा, स्वतःचा फ्लॅट आहे. गावाकडचं कुणी आलं की चहाआधी आम्ही विचारतो, "परतीचं रिझर्व्हेशन झालंय ना?"

त्या रात्रीचं भाडं म्हाताऱ्यानं घेतलं नाही. बँकेच्या भाषेत माझं ते खातं थकीत आहे.